दुकान बंद झालं तर

पळसबोडीत टोलीवर बहिष्कार टाकला, असं कोणीच कधी म्हणालं नाही. दवंडी झाली नाही, बैठक झाली नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली आणि एका सकाळी रुक्माबाई डोक्यावर धानाचं गाठोडं घेऊन टिकारामच्या हालरवर भरडायला गेली, तेव्हा मशीनवरचा माणूस तिच्याकडं न बघता म्हणाला, "पट्टा तुटला."

पट्टा तिच्या डोळ्यांदेखत फिरत होता. दुसऱ्या कोणाचे तांदूळ खाली पडत होते.

"मंग हे का फिरून राहिलं?" रुक्माबाईनं विचारलं.

"तुमच्यासाठी तुटला," तो म्हणाला आणि कोंड्याची टोपली उचलायला वाकला.

दुपारी तिची सून अल्का टिकारामच्याच किराणा दुकानात तेल आणायला गेली. डबे मागं रचून ठेवलेले दिसत होते. टिकारामचा भाचा म्हणाला, तेल संपलं. साखर? साखरही संपली. मीठ? त्यानं क्षणभर विचार केला आणि मीठही संपलं म्हणाला. दोन दिवसांत गावातलं दूध बंद झालं, आणि पुढच्या आठवड्यात टोलीतल्या बायांना रब्बीच्या कामाला कोणी बोलावलं नाही. यंदा माणसं पुरली, एवढंच सगळीकडून उत्तर.

टोली म्हणजे गावाच्या उगवतीकडची बौद्धांची दहा-बारा घरं. तिला लागून एक बोडी होती, लहानसं तळं. टोलीची जनावरं तिथं पाणी प्यायची, बाया मासे धरायच्या, काठावर भाजी लावायच्या. गावातली सगळ्यात जास्त जमीन असलेल्या टिकारामला ती बोडी बुजवून हालरसाठी मोठं अंगण करायचं होतं. अल्का त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार नऊ साली, ग्रामपंचायतीत निवडून आलेली. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बोडीचा ठराव वाचला गेला तेव्हा तिनं उठून सांगितलं की माझा विरोध आहे, आणि विरोध कागदावर घ्या. सचिवानं पेन थांबवून टिकारामकडं पाहिलं. अल्का बसली नाही. शेवटी त्याला लिहावं लागलं, आणि ठराव पुढं ढकलला गेला. सगळं तिथून सुरू झालं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं, पण तोंडानं कोणी बोलत नव्हतं.

अल्काचा नवरा रत्नपाल ठाण्यात जाऊन आला. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत, चहाही पाजला. फक्त म्हणाले, "दुकानदार माल संपला म्हणतो. माल संपणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसते, तूच सांग."

घरी आल्यावर रत्नपाल बराच वेळ सायकलची चेन साफ करत बसला. मग म्हणाला, "रायपूरले जाऊ. इटाच्या भट्ट्यावर काम भेटते. दोन वर्सं काढू, मंग पाहू."

"आपुन गेलो का बोडी गेली," अल्का म्हणाली. "तेच तर पायजे त्यायले."

"मंग खाशील का? ठराव?"

"धान आहे घरात."

"अख्खं धान खाते का कोनी?"

रुक्माबाईनं ओसरीच्या कोपऱ्यातलं मुसळ बाहेर काढलं. त्या रात्री जेवायला भात झाला, पण दोघींच्या तळहातांना फोड आले होते. तालुक्याच्या अर्जुनी मोरगावात हालर होती, दुकानंही होती, पण मजुरी बंद झालेल्या घरानं तिथं रोज जायचं कसं आणि न्यायचं काय? काहीतरी असं हवं होतं की ज्यासाठी कोणाच्या दारात उभंच राहावं लागणार नाही.

अल्का बारावी झाली होती आणि लग्नानंतर तिनं अर्जुनीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट ट्रंकेत पडून होतं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती एसटीनं अर्जुनीला गेली आणि बसस्टँडमागच्या हिरालालच्या इंटरनेट कॅफेत शिरली. हिरालाल मूळचा गोंदियाचा, अर्धं हिंदीत बोलायचा. कोर्सच्या वेळी तिनं त्याच्याकडंच सराव केला होता.

"अरे मॅडम, बहुत दिवसांनी," तो म्हणाला. "फॉर्म भरायचा का?"

"नाही. शोधायचं आहे."

पडद्यामागच्या खुर्चीत बसून तिनं इंग्रजीत टाकलं की दुकानाशिवाय कसं जगायचं. समोर दुकानंच दुकानं आली. बूट, मोबाइल, साड्या, सगळं घरपोच. तिनं परत टाकलं, शब्द फिरवून टाकले. हिरालाल मागून जाता जाता थांबला आणि म्हणाला, "सेल्फ सफिशियंट लिव्हिंग टाकून बघा. तिकडचे लोक असंच काही बोलतात त्याला."

ते टाकलं आणि दार उघडल्यासारखं झालं. पानंच्या पानं. बर्फात लाकडाची घरं बांधून राहणारी माणसं, जमिनीखाली खोल्या करून भाज्या साठवणारी, काचेच्या बरण्यांच्या रांगा मांडून त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या हसऱ्या बाया. अल्का अडखळत वाचत गेली, अडलेला शब्द दुसऱ्या खिडकीत शोधत गेली. एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पहिली पायरी सर्वांत अवघड, बाजाराशी असलेलं नातं तोडायची हिंमत करा. ती एवढ्या जोरात हसली की हिरालालनं पडदा बाजूला केला.

"क्या हुआ?"

"काही नाही. पहिली पायरी आमची होऊन गेली."

दुसऱ्या पायरीत मात्र किमान पाच एकर जमीन, विहिरीवर पंप आणि एक छोटा ट्रक लागत होता. तिच्या घरची जमीन दीड एकर होती आणि पंप नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गृहस्थांचं पान सापडलं, तेही इंग्रजीतच. शहर सोडून फार्महाउसवर राहायला गेलेले. त्यांनी मातीचं महत्त्व फार सुंदर सांगितलं होतं, पण तांदूळ ते दुकानातूनच आणत असावेत, कारण त्याविषयी एक ओळ नव्हती. मग लाइट गेली. हिरालालचा इन्व्हर्टर दोनच मशीन ओढायचा, आणि त्या दोन्हींवर नोकरीचे फॉर्म भरणारे बसले होते.

तरी ती जात राहिली. दर बाजाराला, मीठ आणि माचिस घ्यायला जाई तेव्हा. तिसऱ्या खेपेला तिला हवं ते सापडलं असं वाटलं. गाडीच्या जॅकवर घरच्या घरी तेल गाळायचं यंत्र. चित्रं होती, मापं होती, खाली लोकांनी वा वा लिहिलं होतं. रुक्माबाईनं उन्हाळ्यात जमा केलेली पोतंभर टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, आढ्याखाली तशीच पडून होती. तेलाचा प्रश्न सुटणार. तिनं हिरालालकडून चित्रांचे प्रिंट काढून घेतले आणि जवळजवळ पळतच स्टँड गाठला.

रत्नपालनं कोहमाऱ्याच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून जुना जॅक आणला, तिथंच लोखंडी चौकट जोडून घेतली. टोलीतली सगळी माणसं अंगणात जमली. टोरी चौकटीतल्या पाइपात भरली, रत्नपालनं दांडा मारायला सुरुवात केली. दाबाबरोबर बियांचा लगदा फटीतून पिवळ्या गांडुळासारखा बाहेर येऊ लागला. तेलाचा थेंब नाही. "आणखी मारा," अल्का म्हणाली, आणि त्यानं मारलं. जोड सुटला. चौकटीची पट्टी उडून त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडलं नाही, पण पाय भोपळ्यासारखा सुजला आणि तो महिनाभर लंगडत होता.

गावात ही गोष्ट पोचायला काय वेळ लागतो? पानठेल्यावरून कोणी ना कोणी हाक मारायचं. "का गा रत्नपाल, कॉम्प्युटरचं तेल निंघालं का?" रत्नपाल मान खाली घालून पुढं जाई. घरी मात्र तो बायकोला एक शब्द बोलला नाही, आणि अल्काला तेच जास्त लागलं.

"मी चुकले, आत्या," ती एका सकाळी म्हणाली.

"चुकली तर चुकली," रुक्माबाई म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "पन त्या बाप्पानं कोनत्या बियाचं तेल काढलं होतं, ते पाह्यलं का तू?"

अल्कानं प्रिंट परत उघडले. सूर्यफूल. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, हीच चौकट तयार मागवायची असेल तर इथं दाबा. वा वा करणाऱ्यांपैकी एकानंही आपण तेल काढल्याचं लिहिलं नव्हतं. सगळे करणार होते, करून बघणार होते.

तिला राग आला, आणि त्या रागाचा उपयोग झाला. पुढच्या बाजाराला ती कॅफेत बसली ती वाचणारी म्हणून नाही, उलटतपासणी घेणारी म्हणून. हा माणूस राहतो कुठं? त्याच्याकडं पाऊस किती? विकतो काय? त्याचं काही बिघडलं का कधी, आणि बिघडलं तर सांगतो का? चार प्रश्नांत बहुतेक पानं गळून पडत. फार गोड बोलणाऱ्या एका बाईला ती बराच वेळ वाचत राहिली आणि शेवटी कळलं की बाईचं पुस्तक विकायला आहे. खिडकी बंद.

"मॅडम, तुम्ही तर सीआयडीवाल्यासारखं वाचता," हिरालाल म्हणाला. त्यानंच त्या दिवशी तिला एक नवी गोष्ट दाखवली. रोमन अक्षरं मारली की समोर देवनागरी उमटते. तोवर ती इंग्रजीतच शोधत होती. इंटरनेट म्हणजे इंग्रजी, असं तिनं न विचारताच धरून चाललं होतं. तिनं मराठीत मोह आणि टोरी आणि तेल असं टाकलं. काहीच आलं नाही. एक औषधाचं दुकान तेवढं आलं. मग तिनं हिंदीत टाकलं, महुआ बीज का तेल घर में.

ईश्वरदास नावाच्या माणसाचं पान असं सापडलं. छत्तीसगडात कांकेरकडच्या एका खेड्यात राहणारा, शाळेतून निवृत्त झालेला. पान दिसायला ओबडधोबड, फोटो अंधारलेले. पण पहिलाच परिच्छेद वाचून अल्का खुर्चीत पुढं सरकली. त्यानं लिहिलं होतं, "पहली बार मैंने बीज बिना भाप के दबाए। तेल नहीं निकला, सिर्फ बदनामी निकली।"

पुढं त्यानं सांगितलं होतं की या बिया आधी कुटाव्या लागतात, मग वाफवाव्या लागतात, आणि लोखंडाची गरजच नाही. लाकडाच्या दोन जाड फळ्या, मध्ये गवताच्या दोरीच्या जाळीत गरम लगदा, आणि वरच्या फळीवर लांब दांड्यानं वजन. त्याच्या आजीच्या काळी हे घरोघरी असायचं. त्याची स्वतःची पहिली फळी कशी फाटली, त्याचा फोटो होता. शेताची माती कन्हार आहे हेही लिहिलं होतं. कन्हार हा शब्द वाचून तिला गंमत वाटली. टोलीतही काळ्या चिकट मातीला कन्हारच म्हणत. दुसऱ्या एका पानावर धान भरडायची ढेकी होती, पायानं चालवायची, मापांसकट. तो काही विकत नव्हता.

तिनं खाली लिहिलं, मोडक्या हिंदीत, की मी गोंदिया जिल्ह्यातली आहे, आमच्या गावात आम्हाला हालर बंद केली आहे, ढेकीला कोणतं लाकूड घ्यावं? पुढच्या खेपेला उत्तर आलेलं होतं. साजाचं घे, असं त्यानं लिहिलं होतं. वाळलेलं घे, ओलं घेतलंस तर उन्हाळ्यात चिरेल, माझं चिरलं होतं. आणि शेवटी एक ओळ. हालर कोणी बंद केली, बेटी?

त्याला तिनं सगळं लिहिलं.

साजाचं, म्हणजे ऐनाचं, झाड रत्नपालच्या बांधावर आदल्या वादळात पडलेलं होतंच. टोलीतल्या गुलाबबाबांना वाकस चालवता येत होता. सुतारकाम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि मनातून त्यांना हा सगळा खटाटोप पटत नव्हता. "गावासंगं वाकडं घेऊन कोनी जगलं का वं?" असं म्हणत म्हणत त्यांनी ढेकीचा दांडा तासला. बुद्धविहाराच्या अंगणात ती बसवली. पहिल्या दिवशी निम्मे तांदूळ तुटले. अल्कानं परत जाऊन वाचलं, उखळाची खोली कमी केली, मुसळाचं टोक गोल केलं. जानेवारी सरता सरता कणी कमी होऊन तांदूळ अख्खे येऊ लागले. मुसळावर हात सोलून घेणाऱ्या बाया आता एक पाय देत उभ्या उभ्या गप्पा मारत धान भरडायच्या. धप्प, धप्प असा आवाज गावाच्या चौकापर्यंत जायचा.

तेलाच्या फळ्याही त्याच साजाच्या कापल्या, पण तेलाला आणखी दिवस लागले. लगदा किती वाफवायचा हे कळेना. एकदा कच्चा राहिला, एकदा जळला. मग एका दुपारी, रुक्माबाई, रत्नपाल आणि शेजारच्या दोघी दांड्यावर लोंबकळत असताना, खालच्या फळीच्या खाचेतून एक धार आली. बारीक, पिवळसर, पण धार. रुक्माबाईनं बोट लावलं, हुंगलं आणि म्हणाली, "जुना वास आहे." त्या संध्याकाळी टोलीत वांगी तळली गेली. लेकरांनी वासानं नाक मुरडलं. थंडीत ते तेल तुपासारखं गोठायचं, ते रोज कोमट करावं लागे. पण डबे घेऊन कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

सगळं काही घरचं होत होतं असं नाही. मीठ, माचिस, तापाच्या गोळ्या, पोरांच्या वह्या यांसाठी अर्जुनी होतीच. दोन घरं मार्चमध्ये रायपूरला निघून गेली. त्यांना कोणी अडवलं नाही, नावंही ठेवली नाहीत. पण बाकीच्यांनी बोडीचे मासे, काठावरची भाजी, धानाच्या वावरात पेरलेली लाखोरीची डाळ आणि जवस यांच्यावर उन्हाळा ओढला.

मे महिन्यात ईश्वरदासनं लिहिलं की तू हे तुझ्या भाषेत लिही. मराठीत कोणी शोधेल तर त्याला सापडायला हवं. अल्काला औषधाचं ते दुकान आठवलं. हिरालालनं फुकटात पान कसं उघडायचं ते दाखवलं. तिनं पानाला नाव दिलं, 'दुकान बंद झालं तर', आणि लिहायला बसली. ढेकीची मापं, फळ्यांची जाडी, लगदा कधी जळतो, जॅकवर का जाऊ नये. आणि सगळ्यात वर, हे का शिकावं लागलं ते. पळसबोडी हे गाव, बोडीचा ठराव, हालरचा तुटलेला पट्टा. नावांसकट.

हिरालालनं खांद्यावरून वाचलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, नाव कशाला? 'एका गावात' असं लिहा ना. लफडं नको."

"एका गावात कोणी मशीन बंद करत नाही, हिरालालभाऊ. पळसबोडीत करतात. टिकाराम करतो."

"आपका नाम भी डाला?"

"माझं सगळ्यात आधी टाकलं."

पान कोणी वाचेल असं तिला फारसं वाटलं नव्हतं. पण टिकारामचा मुलगा हिमांशू पुण्यात इंजिनियर होता, आणि एका मित्रानं गंमत म्हणून त्याच्या गावाचं नाव शोधून पाहिलं. पळसबोडी हे नाव त्या काळात नेटवर एकाच ठिकाणी होतं. जूनच्या शेवटी, धानाच्या रोवणीला माणसं बघायची वेळ आली तेव्हा, टिकाराम स्वतः टोलीत आला. कधी न येणारा माणूस. रुक्माबाईनं खाट टाकली. तो बसला नाही.

"हिमांशूचा फोन होता," तो म्हणाला. "ऑफिसातले लोक विचारून राहिले त्याले. तुझ्या गावात असं होते का म्हनून. तू गावाची बदनामी करून राहिली, अल्का."

"काय खोटं लिहिलं, टिकारामभाऊ?"

"खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाई."

"मले तोच प्रश्न आहे. खोटी ओळ दाखवा, आत्ता जाऊन खोडते. माफीही लिहिते खाली."

त्यानं बोडीकडं पाहिलं. पहिल्या सरींनी ती अर्धी भरली होती. मग आवाज मऊ करून म्हणाला, "दुकान उघडं आहे तुमच्यासाठी. हालर उघडी आहे. रोवणीले या सगळ्या. एवढं ते काढून टाक. आपसातलं आपसात मिटवू."

"आपसातलं होतं तर पट्टा कोणासाठी तुटला होता?" रुक्माबाई म्हणाली.

टिकारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. "उद्यापर्यंत सांग," तो अल्काला म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहारात सगळे जमले. गुलाबबाबांनी सरळ विषय काढला. "काढून टाक, पोरी. तू जिंकली. त्याले यावं लागलं टोलीत. आणखी का पायजे? रोवणीची मजुरी गेली तर पावसाळा निंघत नाई माह्या घरचा."

हे खोटं नव्हतं. गुलाबबाबांच्या घरात त्यांची आजारी बायको होती, आणि जमीन मुळीच नव्हती. अल्कानं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. काहींनी डोळे चुकवले. ती हट्टाला पेटली आहे आणि किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते आहे, असं त्या क्षणी तिला वाटून गेलं.

"तुमी रोवणीले जा, बाबा," ती म्हणाली. "ज्याले जायचं त्यानं जावं. दुकानातही जावं. तो आपला हक्कच होता, कोणाची मेहरबानी नाही. पण पान मी काढणार नाही. काढलं का पुढच्या वर्षी पट्टा परत तुटते, आणि मंग आपल्याजवळ सांगायले काहीच नाही राहत."

"अन् त्यानं नाई म्हटलं तर?"

"त्याच्या बांध्यांत चिखल तयार आहे. रोपं वाढून राहिली. त्याले हात पायजेत, बाबा. तुमच्या पोटाची जेवढी घाई आहे, त्याच्याहून जास्त घाई त्याच्या रोपायले आहे."

रत्नपाल तोवर भिंतीला टेकून उभा होता. तो चारचौघांत क्वचितच बोलायचा. "माहा पाय सुजला होता तेव्हा पानठेल्यावर हासले," तो म्हणाला. "तेही लिहिलं आहे तिनं. माह्या नावानं लिहिलं. मले लाज नाई वाटली, तर टिकारामले कायले वाटावी? राहू द्या ते."

पान राहिलं. अल्कानं टिकारामला निरोप पाठवला नाही, स्वतः गेली, त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की लिहिलेलं निघणार नाही, आणि बाया रोवणीला येतील त्या गावच्या दरानं, दुसऱ्या कोणत्याही बाईसारख्या. टिकाराम भाच्याकडं बघत म्हणाला, "हिले मीठ दे." तिला मीठ नको होतं. तरी तिनं एक पुडी घेतली, पैसे मोजून ठेवले आणि निघाली.

बाया रोवणीला गेल्या. गुलाबबाबाही गेले. हालरचा पट्टा पुन्हा तुटला नाही. बोडीचा ठराव ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर होता, पण वाचायला कोणी उठलं नाही, आणि अल्का अख्ख्या सभेत हात गुडघ्यावर ठेवून त्याची वाट बघत बसून राहिली. टिकाराम तिच्याशी त्यानंतर बोलला नाही. हिमांशू दिवाळीला आला तेव्हा मात्र ढेकी बघायला विहारात आला, फोटो काढले आणि परत गेला.

अल्काच्या घरी तांदूळ अजूनही बहुतेक वेळा ढेकीचेच असत. पान तिनं सोडलं नाही. दुकान जुलैमध्ये उघडलं, हेही तिनं तारखेसकट लिहिलं, कारण ते खरं होतं. वाचणारे फार नव्हते. कधी कोणी विद्यार्थी, कधी ईश्वरदास. एका हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, तिनं पान उघडलं तर खाली एका अनोळखी बाईनं लिहिलं होतं. चंद्रपूरकडची. वाक्यं तुटकी, बहुधा कोणाला तरी सांगून लिहून घेतलेली. आमच्या इथं आठ दिवस झाले, दळून देत नाहीत, तेलही देत नाहीत. तुमच्या त्या फळ्या आम्ही बाभळीच्या करू का, साज मिळत नाही.

कॅफेत गर्दी होती, आणि लाइट जायची वेळ होत आली होती. अल्कानं खुर्ची पुढं ओढली.

"बाभूळ चालेल, पूर्ण वाळलेली घ्या," तिनं भराभर लिहिलं. "फळी चार बोटं जाड तरी ठेवा. बिया आधी वाफवा, नाहीतर आमच्यासारखं होईल. आणि ताई, दळून कोण देत नाही? गावाचं नाव लिहा, त्याचंही लिहा. भीती वाटत असेल तर आधी माझं नाव लिहा, त्याखाली तुमचं."